तुळाजी बोकडाने काय सोडलं

एका जंगलात, बाळांनो, एक देव होता. म्हणजे वडाखाली एक दगड होता, त्याला शेंदूर फासलेला होता आणि शेजारी एक पुजारी बसलेला होता. पुजारी बसला की दगडाचा देव व्हायला वेळ लागत नाही. नाक पुसा आणि नीट ऐका.

पुजारी होता कोल्हा. त्याला सगळे कोल्हेबुवा म्हणत. राजा अर्थातच सिंह. आणि त्याच जंगलाच्या कडेला, बाभळीच्या बनात, तुळाजी नावाचा एक बोकड आणि त्याची बायको सगुणा शेळी राहत होती. गोष्ट या दोघांची आहे. सिंह आपला गोष्टीत असावा लागतो म्हणून आहे.

तुळाजी स्वभावाने अगदी गरीब. खोटं म्हणून बोलता यायचं नाही. "काय झोकदार शिंगं आहेत हो तुमची!" असं कोणी म्हटलं, की हा लगेच सांगायचा, "डावं जरा वाकडं आहे." सगुणा तशी नव्हती. ती चलाख होती, तोंडाने फटकळ होती, आणि नवऱ्यावर तिचा फार जीव होता. असला नवरा सांभाळायचा तर घरात एकाला तरी अक्कल हवी, असं ती शेजारणींना सांगायची.

झालं काय, एकदा सिंहाची दाढ दुखायला लागली. साधीसुधी नाही. डरकाळी फोडायला तोंड उघडावं, तर आतून "आई गं" एवढंच बाहेर यायचं. हरणं तोंडावर खूर धरून हसायला लागली. आता अशाने राज्य चालायचं कसं?

कोल्हेबुवांना बोलावणं गेलं. त्यांनी दाढ काही पाहिली नाही. सिंहाच्या तोंडात डोकं कोण घालणार? त्यांनी लांबूनच डोळे मिटले, थोडा वेळ ओठ हलवले आणि सांगितलं, "देव रुसलाय, महाराज. जंगलात त्यागबुद्धी उरली नाही. प्रत्येकाने आपली सगळ्यात आवडती गोष्ट देवापुढे सोडायला हवी."

ही सोडायची पद्धत तुमच्यातही आहे हो. काशीला जाऊन आलेल्या एखाद्या काकांना विचारा, "काका, तिथे काय सोडलंत?" काका म्हणतील, "कारलं." मग काकूंना विचारा, काकांनी कारलं कधी खाल्लं होतं? नको, विचारू नका. घरात भांडणं लागायची.

तर वडाखाली सभा भरली. माईक आला. "हॅलो, हॅलो" झालं. नर एका बाजूला बसले, माद्या दुसऱ्या बाजूला. माद्यांना काही सोडायला सांगत नसत. त्यांचं आधीच बरंच सुटलेलं असायचं.

सगळ्यात आधी सिंह उठला. गालावर पंजा धरून, जड आवाजात म्हणाला, "आम्ही आजपासून गवत सोडलं."

काय टाळ्या पडल्या म्हणता! तरस तर उभं राहून रडलं.

मग हत्ती उठला. त्याने मांस सोडलं. मगरीने झाडावर चढणं सोडलं. माकडाने पाण्याखाली झोपणं सोडलं. कासव म्हणालं, "मी यापुढे शर्यतीत धावणार नाही," आणि सगळ्यांनी त्याला "असं नका करू हो" म्हणून आग्रह केला. कावळ्याने गाणं सोडलं, तेव्हा मात्र टाळ्या अगदी मनापासून पडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा गायलाच, ते सोडा. मग खुद्द कोल्हेबुवा हात जोडून म्हणाले, "माझ्याजवळ काय आहे? मी अहंकार सोडला." आणि असा अहंकार सोडणारा आपण एकटेच आहोत ना, हे त्यांनी चहूकडे बघून घेतलं.

आता तुळाजीची पाळी.

सगुणाने त्याला घरून पढवून आणलं होतं. "मासे सोडले म्हणा आणि खाली बसा. दुसरं काही बोलू नका." वाटेत तिने ते त्याच्याकडून म्हणूनही घेतलं होतं. पण तुळाजी माईकसमोर उभा राहिला, समोर देव दिसला, आणि त्याच्या मनात आलं, देवाने विचारलंय तर खरं सांगायला नको का?

तो विचार करकरून म्हणाला, "कोवळा पाला आवडतो. पण उन्हाळ्यात पाल्यावाचून दिवस काढलेत, त्याचं तितकं काही नाही. ऊन आवडतं. पण तेही... सगळ्यात जास्त म्हणाल ना, तर मला आपला माझा जीवच आवडतो, बुवा."

माद्यांच्या बाजूला सगुणाने कपाळावर खूर मारून घेतला.

कोल्हेबुवांचे डोळे पाण्याने भरले. तोंडही भरलं. "ऐकलंत?" ते ओरडले. "या गरीब बोकडाने देवापुढे आपला जीव सोडला! अरे, याला म्हणतात त्याग!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बिचारा तुळाजीही टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं, कोणीतरी फार मोठं काही केलंय.

घरी आल्यावर सगुणाने त्याला फैलावर घेतलं.

"काय सांगून पाठवलं होतं मी?"

"मासे."

"मग?"

"अगं, पण मला मासे आवडत नाहीत. देवापुढे खोटं कसं बोलू?"

"सिंहाला गवत आवडतं का?"

तुळाजी तिच्याकडे बघतच राहिला. "आवडत नाही?" तो म्हणाला. "मला तर त्यांची फार दया आली होती."

सगुणा मटकन खाली बसली. रागवावं का रडावं हेच तिला कळेना. मग तिने दोन्ही केलं. आणि रडून झाल्यावर त्याला कानाला धरून थेट कोल्हेबुवांच्या दारात नेलं.

"बुवा, यांचं चुकलं," ती म्हणाली. "यांना मासे म्हणायचं होतं. तेवढं बदलून घ्या."

"सगुणाबाई," कोल्हेबुवा गोड हसले. "देवाला दिलेलं परत मागतात का कोणी? सिंहमहाराजांनी गवत परत मागितलं?"

"ते मागतील कशाला! पण बुवा, रोज शिकार होतेच की या जंगलात. यांचाच जीव कशाला हवाय देवाला?"

"शिकार वेगळी, बळी वेगळा. शिकारीत नुसतं मरणं असतं. बळीत मान असतो." कोल्हेबुवा आता तुळाजीकडे वळले. "तुळाजीराव, पुराणं काढून बघा. कोणी स्वतःची मांडी कापून तराजूत टाकली. कोणी हाडं काढून दिली. कोणी तर पोटचं पोर दिलं. ज्यांनी ज्यांनी दिलं, त्यांची आज देवळं आहेत, देवळं!"

"आणि ज्यांना देऊन टाकलं, त्यांचं काय झालं?" सगुणाने विचारलं.

"त्यांचा प्रसाद झाला," कोल्हेबुवा म्हणाले.

सगुणाच्या अंगावर काटा आला. तुळाजीच्या कानात मात्र देवळं तेवढी राहिली. "तुळाजीराव" असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं, बाळांनो. घरी येईपर्यंत तो ते मनातल्या मनात म्हणत होता.

मग सुरू झाली धामधूम. त्यागमहोत्सव ठरला. समिती नेमली गेली. स्वागताध्यक्ष म्हणून लांडग्याला घेतलं, कारण खर्च त्याचा होता. वाटेवाटेवर फ्लेक्स लागले. त्यावर तुळाजीचं भलंमोठं चित्र, डोळ्यांवर गॉगल, आणि वर "त्यागमूर्ती तुळाजीराव". खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या तरसांची तोंडं. रोज कुठे ना कुठे सत्कार. रोज हार. हार तो घरी येईस्तोवर खाऊन टाकायचा. अंगाने चांगलाच भरला. समितीचे सभासद येता-जाता त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि एकमेकांकडे बघून मान डोलवायचे.

आणि खरं सांगू का, तुळाजीला हे सगळं आवडायला लागलं. घरातसुद्धा तो खोल आवाजात बोलायचा. "सगुणे, आज आहे, उद्या नाही. त्या बाभळीच्या शेंगा जरा इकडे सरकव." सगुणा शेंगा सरकवायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची. तिला त्या खोल आवाजाचं काही वाटत नव्हतं. आवाज जाईल, एवढीच तिला भीती होती.

अशात एके दिवशी हाड फोडताना सिंहाची दाढ आपोआप पडली. दुखणं थांबलं. डरकाळी पुन्हा पहिल्यासारखी खणखणीत झाली. सगुणा धावत राजाकडे गेली.

"महाराज, दाढ पडली म्हणे!"

"पडली. देवाची कृपा."

"मग आता बळी कशाला, महाराज? माझ्या धन्याला सोडा."

सिंहाने जरा ओशाळून पंजे चाटले. तो काही दुष्ट नव्हता. "बाई, मला कळतं तुमचं दुःख," तो म्हणाला. "पण आता मांडव घातलाय. शेजारच्या जंगलातले वाघोबा सहकुटुंब येणार आहेत. अस्वलाने मसाला भाजायला घेतलाय. आता नाही म्हटलं तर बरं दिसेल का?"

सगुणा परत फिरली. वाटेत एका दगडावर बसून तिने डोकं चालवलं. रडायचं नंतर, आधी विचार करायचा, असं तिने आता ठरवलं होतं. आणि विचार करता करता तिला पाण्याची आठवण झाली.

हे नीट ऐका हं. सगळी गंमत यात आहे. बळी द्यायच्या आधी त्या जंगलात बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडत. बोकडाने अंग झाडलं, की देवाने कौल दिला आणि बोकडाची संमती मिळाली असं धरत. संमतीशिवाय कोणाला कापायचं नाही. असं सुसंस्कृत जंगल होतं ते. आता थंड पाणी पाठीवर पडल्यावर अंग झाडणार नाही असा बोकड जन्माला आलेला नव्हता, म्हणून आजवर सगळ्यांची संमती मिळत गेली.

"न झाडणारा बोकड आपण तयार करायचा," सगुणा स्वतःशी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याला भल्या सकाळी ओढ्यावर न्यायला लागली. शेळ्या-बोकडांना पाण्याचा किती तिटकारा, माहीत आहे ना? तुळाजी काठावरूनच ओरडायचा. सगुणा स्वतः आधी पाण्यात शिरायची, कुडकुडायची, दात आवळून उभी राहायची आणि म्हणायची, "बघा, मी हलते का? या आता." मग तोंडात पाणी धरून ती त्याच्या पाठीवर सोडायची. तो अंग झाडायचा.

"मेलात!" सगुणा म्हणायची. "पुन्हा."

तो पुन्हा झाडायचा.

"पुन्हा मेलात. अहो, किती वेळा मराल एका सकाळी?"

हळूहळू जमायला लागलं. मानेवर पाणी पडलं तरी तो हलेना. कानात गेलं तरी हलेना. शेपटीच्या मुळाशी फार अवघड जायचं, तेही जमलं. त्या दिवशी सगुणाने आपल्या जिभेने त्याचे कान कोरडे केले. मग त्याच्या मानेत तोंड खुपसून ती म्हणाली, "तुम्ही राहा हो. मला देवळं नकोत, हार नकोत. संध्याकाळी बाभळीखाली तुम्ही माझ्याशेजारी बसलेले असलात की माझं सगळं भरून पावलं." तुळाजीचेही डोळे भरून आले. त्या घडीला ते खरे होते. मी उगाच कोणावर खोटा आळ घेणार नाही.

महोत्सवाचा दिवस उजाडला. वडाखाली ही गर्दी! शेजारचे वाघोबा पहिल्या रांगेत. त्यांच्या मागे समिती. सगुणा माद्यांच्या बाजूला अगदी पुढे, जिथून तुळाजीला तिचा चेहरा दिसेल अशी. वडाच्या पारावर उभ्या तुळाजीच्या गळ्यात झेंडूचा जाडजूड हार. भाषणं झाली. भाषणं चालू असताना तो मधूनमधून हार खात होता.

कोल्हेबुवांनी तांब्या उचलला. पाणी शिंपडलं. तुळाजी हलला नाही.

कोल्हेबुवांनी अख्खा तांब्या ओतला. तुळाजी हलला नाही. मानेवर ओतला, कानात ओतला. लांडग्याने कुठूनसं गारेगार पाणी आणवलं, ते शेपटीच्या मुळाशी ओतलं. सगुणाने दात आवळले. तुळाजी तिच्या तोंडाकडे बघत खांबासारखा उभा.

लोकांची चुळबुळ सुरू झाली. वाघोबांच्या पिल्लांना भूक लागली. अस्वल दोनदा येऊन "मसाला करपतोय" म्हणून सांगून गेलं. ऊन कलायला लागलं. शेवटी कोल्हेबुवांना तांब्या खाली ठेवावाच लागला. अगदी पडलेल्या आवाजात ते म्हणाले, "देवाने... नाकारलं."

"चला!" सगुणा जागेवरून उडालीच. तिला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. शेजारच्या म्हशीलाच तिने मिठी मारली. "अहो, चला घरी! उतरा खाली!"

तुळाजीने एक पाय पुढे टाकला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "फुकट गेला दिवस." दुसरं म्हणालं, "कसली त्यागमूर्ती! घाबरट आहे झालं." समितीतल्या एका तरसाने पुढे होऊन त्याच्या गळ्यातला उरलेला हार काढून घेतला. पलीकडे दोन माकडं फ्लेक्स उतरवायला झाडावर चढली. दिवसभर इतकं पाणी अंगावर पडलं, तेव्हा तुळाजीला थंडी वाजली नव्हती. आता वाजली.

कोल्हेबुवांनी ते बरोबर हेरलं. पुजाऱ्याची नजर असते ती.

"थांबा!" ते म्हणाले. "देव उगाच नाकारत नाही. तुळाजीरावांनी जीव दिला, देवाने घेतला नाही. याचा अर्थ काय? याचा अर्थ, जिवाहूनही प्रिय असं काहीतरी यांच्याजवळ आहे. तुळाजीराव, तुम्ही सत्यवचनी. देवापुढे सांगा, काय आहे ते?"

गर्दी पुन्हा खाली बसली. माकडं फांदीवर थबकली.

खालून सगुणा ओठांनी सांगत होती, "मासे! मासे म्हणा!"

तुळाजीने तिच्याकडे पाहिलं. मग अर्ध्या सुटलेल्या फ्लेक्सकडे पाहिलं. तरसाच्या हातातल्या हाराकडे पाहिलं. सिंह वाट बघत होता, तिकडेही पाहिलं. आता त्याला मासे म्हणता आलं असतं, बाळांनो. तेवढा तो तयार झाला होता. पण माशांना हार घालत नाहीत, हेही त्याला आता कळत होतं.

"माझी सगुणा," तो त्या खोल आवाजात म्हणाला. "माझ्या जिवापेक्षा मला माझी सगुणा प्रिय आहे."

चारचौघांत नवऱ्याने असं म्हणावं म्हणून बायका जन्मभर वाट बघतात. सगुणाने ते ऐकलं.

मग जो हुंदका फुटला सभेत! "धन्य!" "केवढं काळीज!" "प्रत्यक्ष बायको दिली हो!" वाघोबांनी डोळ्यांना पंजा लावला. तरसाने पळत येऊन हार पुन्हा तुळाजीच्या गळ्यात घातला, शिवाय आपल्या गळ्यातला एक वर घातला. सगुणाला हात धरून पुढे आणलं.

तिला भीती वाटत नव्हती. पाण्याची तर मुळीच नाही. ओढ्यात ती त्याच्या आधी उतरली होती, त्याच्याहून जास्त वेळ उभी राहिली होती. अख्खी नदी ओतली असती तरी ती हलली नसती. "ओता," ती कोल्हेबुवांना म्हणाली. "बघू किती ओतताय."

मग तिने तुळाजीकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि लोकांना तोंडाची चांगली बाजू दिसेल असा तो उभा होता. डावं शिंग मागे.

आणि सगुणा संतापाने शिंगापासून खुरापर्यंत थरथरली.

पाणी अजून तांब्यातच होतं.

"झाडलं!" कोल्हेबुवा आनंदाने ओरडले. "अंग झाडलं! बघा, माउलीने स्वतःहून संमती दिली!"

पंगत उत्तम झाली म्हणतात. मसाला थोडा करपला होता, पण कोणी तक्रार केली नाही. तुळाजीरावांना शोक आवरेना, त्यांना दोघांनी धरून मानाच्या पाटावर बसवलं. ते मांस खात नसत, म्हणून त्यांच्यासाठी कोवळा पाला वेगळा मागवला होता.

पुढे वडाशेजारी त्यांचं देऊळ झालं. जंगलातले नवरे दरवर्षी तिथे बायकांना घेऊन दर्शनाला जातात आणि येताना सांगतात, "बघ, याला म्हणतात प्रेम." बायका काही बोलत नाहीत. आणि थंडी वाजली तरी त्या जागी जरासुद्धा अंग हलवत नाहीत.

तात्पर्य : माणसाने त्याग जरूर करावा, आणि जिवाहून प्रिय असेल त्याचाच करावा. स्वतःच्या जिवाचा करू नये. हार घालायला गळा उरत नाही.